‘लेनूर’चा दुसरा साक्षीदार

मेलेल्या माणसाने साक्ष कशी दिली, असं हझवानीने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. सालबियाला तिच्या अंगावर धावून तरी जाता आलं असतं. पण ती पोरगी म्हणजे सौजन्याची पुतळी. तिने टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, डोक्यावरचा रुमाल उगीचच नीट केला आणि बाईसाहेब म्हणावं तशा अदबीने म्हणाली, “पुआन, ही तारीख जरा बघता का?” पहिला कागद म्हणजे शब्दकोशाचं जुनं पिवळं कार्ड. चौतीस वर्षांपूर्वीचं, सालबियाच्या स्वतःच्या हातचं, तेव्हाच्या टपोऱ्या अक्षरातलं. शब्द : लेनूर. अर्थ : जमीन, किनारा, तरेंगानूचे कोळी समुद्रावर असताना वापरतात, कारण नावेत जमिनीचं खरं नाव घेणं निषिद्ध. साक्षीदार पहिला : समान बिन कादिर, मच्छीमार, तलुक बायाम. साक्षीदार दुसरा : मात जुसोह बिन अली, मच्छीमार, तलुक बायाम. खाली मुलाखतीची तारीख. दुसरा कागद म्हणजे एक फोटो. तलुक बायामच्या कबरस्तानातला एक दगड, वाळूत अर्धा रुतलेला, त्यावर मात जुसोह बिन अली, आणि मरणाची तारीख. ती मुलाखतीच्या सात महिने आधीची होती.

सालबियाने फोटो उचलून पाहिला, ठेवला.  “तारीख लिहिताना चुकली असेल,” ती म्हणाली. “तेव्हा आम्ही हाताने लिहायचो बाई. तुमच्यासारखं बटण दाबलं की तारीख, असं नव्हतं.” “हो पुआन, मलाही तेच वाटलं,” हझवानी म्हणाली, आणि हे ‘मलाही’ सालबियाला टाचणीसारखं टोचलं. “पण मी सोळा होड्यांवर विचारलं. म्हाताऱ्यांना, तरुणांना, सगळ्यांना. लेनूर कुणालाच ठाऊक नाही. एक जण तर हसला. म्हणाला, हा शब्द क्वालालंपूरचा असेल.” आता मात्र सालबियाने वर पाहिलं. एकोणतीस वर्षांची ही मुलगी, लायडनहून डॉक्टरेट घेऊन आलेली, दोन महिने उन्हातान्हात सालबियाच्याच गावच्या किनाऱ्यावर फिरून आली होती, आणि सालबियाच्याच गावातली माणसं हिच्याजवळ सालबियाला हसली होती. “शुक्रवारी कोशमंडळाची बैठक आहे,” हझवानी हळूच म्हणाली. “एका साक्षीवर शब्द ठेवता येत नाही, हा नियम तुम्हीच आम्हाला शिकवलाय, पुआन. त्याआधी दुसरं कुणी मिळालं तर...” “मिळेल,” सालबिया म्हणाली. “माझ्या घरात बसलाय. माझा थोरला भाऊ. तीस वर्षं बापाबरोबर, म्हणजे तुझ्या पहिल्या साक्षीदाराबरोबर, एका नावेत होता. उद्या दुपारी ये, आणि तुझं ते आवाज घ्यायचं यंत्र घेऊन ये.” बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. पण तीर सुटला होता, आणि समोरचा चेहरा इतका खूश झाला होता की तो पाहून तिला अधिकच संताप आला.

गाडी टोलनाक्याच्या रांगेत अडकली तेव्हा ती संतापाचा हिशेब लावत बसली, कुणावर किती. हझवानीवर थोडा, ती बिचारी आपलं काम करत होती, म्हणूनच तिच्यावर. सोळा होड्यांतल्या त्या हसणाऱ्या माणसावर जरा जास्त. मात जुसोहवर, की याला मरायला तीच वेळ सापडली. आणि स्वतःच्या पंचविशीतल्या त्या टपोऱ्या अक्षरावर सर्वांत जास्त, कारण ते खोटं तिनेच लिहिलं होतं. दुसऱ्या साक्षीदाराकडे ती गेलीच नव्हती. बापाने शब्द दिला आणि तिच्या डोक्यात असा काही प्रकाश पडला की तो शब्द घेऊन दुसऱ्या दारात उभं राहून “हे खरं आहे का हो?” विचारणं तिला बापाचा अपमान वाटला. नियमाला दोन नावं लागत होती. दुसरं तिने गावच्या होड्यांच्या नोंदवहीतून उचललं. मात जुसोहची होडी नोंदवहीत होती, मालक मेला होता, आणि मेलेल्याची नोंद कोणी कापली नव्हती. चौतीस वर्षं ती हे विसरली होती असं नाही. नाक चोंदलेलं असावं आणि माणसाने तोंडाने श्वास घ्यायची सवय करून घ्यावी, तशी तिने सवय करून घेतली होती.

त्या वेळी ईशान्येचं वारं सुटलं होतं, समुद्र बंद होता आणि आयाह, तिचा बाप, घराखालच्या मोकळ्या जागेत, लाकडी खांबाला टेकून जाळं दुरुस्त करत बसला होता. बापाशी ती आयुष्यात एवढी बोलली नव्हती जेवढी त्या पाच दिवसांत बोलली. ती वही घेऊन समोर बसे. “आयाह, नावेत वाघाला काय म्हणायचं?” आयाह तोंडात सुई धरून सांगे. समुद्रावर वाघ नाही, बैल नाही, बकरी नाही. सगळ्या चौपायांना मिळून एकच नाव, नाहीतर ते ऐकतात आणि वादळ येतं. सापाला वेगळं. भिक्षूला वेगळं. एकाच होडीत राहून जग झाकून ठेवायचं. चार दिवसांत चाळीस शब्द झाले. पाचव्या दिवशी तिने विचारलं, “आणि जमिनीला? किनाऱ्याला? त्याचं नाव घेता की नाही?” आयाहची सुई थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या वहीकडे पाहिलं. “उद्या सांगतो,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी वारा जरा पडला, आणि तो आणि तिचा थोरला भाऊ देरामान अर्ध्या दिवसापुरते जवळच्या पाण्यात गेले. परत आल्यावर घराच्या पायरीजवळच्या रांजणातलं पाणी पायांवर ओतता ओतता आयाह म्हणाला, “लेनूर.” एवढंच. ती लिहून घेईपर्यंत तो वर निघून गेला होता. तिला त्या रात्रीचा स्वतःचा आनंद अजून आठवत होता. बाप एक दिवस थांबला होता. बंदी मोडावी की नाही याचा त्याने समुद्रावर जाऊन विचार केला होता, आणि मग मुलीसाठी मोडली होती. कोणत्या कोळ्याने कोणत्या मुलीसाठी एवढं केलं असेल?

पुढचं सगळं त्या शब्दावर उभं राहिलं. लेनूर मलय भाषेत कुठे सापडत नव्हता, म्हणून तो फार जुना असणार. जावाच्या एका ताम्रपटातला एक शब्द, बुगी नाखव्यांच्या गाण्यातला दुसरा, मादागास्करचा तिसरा. तिने तीन वर्षं खपून त्यांची मोट बांधली आणि लेनूरचं मूळ तीन हजार वर्षांमागे नेऊन ठेवलं. तिला त्याच कामावर बढती मिळाली. जाकार्ताच्या कोशाने शब्द उचलला, आणि तिथल्या पोरांनी त्याचा अर्थच फिरवला. घरापासून लांब असताना घराची जी हुरहुर लागते तिला ते आता लेनूर म्हणतात. जाकार्तात त्या नावाची कॉफीची दुकानं आहेत. एकदा विमानतळावर एका मुलीच्या पिशवीवर तिने तो शब्द पाहिला आणि खुशाल जाऊन तिला सांगितलं, “हा शब्द माझ्या वडिलांचा आहे.” मुलगी हसली आणि लांब सरकली. आणि मग रेक्याविक. आइसलँडच्या त्या परिषदेत तिने निबंध वाचला. तिथल्या एका पांढऱ्या दाढीच्या प्राध्यापकाने उठून सांगितलं की आमचे नाविकही दुष्ट देवमाशांची नावं समुद्रावर घेत नसत, भलतंच नाव घेणाऱ्याचं जेवण बंद होई. तुमचा लेनूर आमच्या शब्दांचं भावंड वाटतो. टाळ्या झाल्या. हॉटेलात परतल्यावर निरोप होता, देरामानचा. आयाह दुपारी गेला. तलुक बायामच्या संध्याकाळच्या नमाजानंतर, म्हणजे ती टाळ्या ऐकत होती त्याच सुमारास, त्याला मातीही दिली होती. पोरीसाठी कुणी थांबत नाही. ती खिडकीशी उभी राहिली आणि बाहेरच्या काळ्या समुद्राकडे पाहून मोठ्याने म्हणाली, लेनूर. त्या क्षणी तिला वाटलं होतं की बापाला आपण हाक मारली. आज टोलच्या रांगेत मागचा माणूस हॉर्न वाजवत होता आणि तिला वाटत होतं की आपला म्हातारा बाप तेव्हाही आपल्याला हसत असेल. कार्डावरची खोटी साक्ष एक वेळ परवडली. पण पहिला साक्षीदारच खोटा निघाला तर? कोळ्यांची एक पद्धत तिला पक्की ठाऊक होती. वाळूवरून येऊन कोणी विचारलं की ते खरं कधीच सांगत नाहीत. काहीतरी देतात हातावर आणि वाटेला लावतात. परक्याला. वाळूवरच्याला. आपण त्या पाच दिवसांत कोण होतो?

घरी टीव्ही कर्कश लागलेला. देरामान तीन आठवडे तिच्या फ्लॅटमध्ये होता. मोठ्या इस्पितळात डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली होती. त्या एका डोळ्याने तो घरातली प्रत्येक गोष्ट नापसंत करत असे. तिच्या फ्रिजमध्ये आता त्याच्या आंबलेल्या माशांच्या रसाची बाटली होती, आणि दूधसुद्धा त्याच वासाचं झालं होतं. तिला तो नावाने हाक मारत नसे. “आल्या का डॉक्टरीणबाई,” तो म्हणाला. “तुमच्या शहरातला मासा खाल्ला आज. मेल्यावर महिनाभर बर्फात ठेवलेला. त्याचं मढंसुद्धा त्याला ओळखणार नाही.” “मग खाल्लास कशाला?” “भूक लागली म्हणून. तू कुठे होतीस रांधायला?” ती रुमाल सोडत आत गेली, परत आली, टीव्हीचा आवाज कमी केला. लहानपणापासून हे असंच. याने नाव ओढली आणि हिने पुस्तकं ओढली, आणि दोघांनाही आयुष्यभर वाटत आलं की दुसऱ्याचं ओझं हलकं होतं. आयाहने हिला शाळेत घातलं त्या वर्षी दहा वर्षांच्या देरामानला शाळेतून काढलं होतं. घरात हे कोणी कधी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

“उद्या माझ्या कचेरीतली एक मुलगी येणार आहे,” ती म्हणाली. “तुला एक शब्द विचारेल.”

“मला? माझे शब्द कोशात घालतात का? शिव्या चालतील?”

“आबांग,” ती थोरल्याला म्हणाली, “थट्टा नको. लेनूर.”

देरामानने बशीतली माशाची कांडी उचलली होती, ती तोंडापर्यंत गेली नाही. मग गेली. तो बराच वेळ चावत राहिला. “तुझा शब्द,” तो म्हणाला.

“आयाहचा.”

“तेच ते.”

“तू नावेत ऐकलायस ना तो?”

“तुला काय हवंय ते सांग. ऐकलेला असावा की नसावा?”

“खरं असेल ते सांग.”

“खरं!” तो असा हसला की डोळ्यावरची वाटी हलली. “अगं, खरं हवं होतं तर चौतीस वर्षांपूर्वी विचारायचं होतंस. मी त्याच पायरीवर बसलो होतो. तुझ्या वहीपासून हातभर लांब. माझ्याकडे मान वळवून एकदा तरी बघितलंस? मी चाळीस शब्द सांगितले असते. पण मी कोण? सडका मासा.”

 त्या पायरीवर देरामान होता हे तिला आत्ता पहिल्यांदा आठवत होतं. ओले पाय. कोणाचे तरी ओले पाय होते तिथे, आणि तिने वही भिजू नये म्हणून बाजूला घेतली होती. हे इतकं साधं तिच्या आठवणीतून कसं काय गळालं? की तिने गाळलं? माणूस कोशातून शब्द गाळतो तसा भाऊ गाळला. “उद्या काय सांगशील?” तिने विचारलं.  “येऊ दे तिला,” देरामान म्हणाला, टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवत. “चहा पाज. गोड कर. आणि तोंड असं करू नकोस, त्या पोरीला वाटेल मी तुला मारतो.”

रात्रभर नव्हे पण बराच वेळ ती त्याचा खोकला ऐकत पडली, आणि सकाळी कचेरीला दांडी मारली. एकोणसाठ वर्षांची बाई, पुढच्या वर्षी निवृत्त होणार, निरोपाच्या भाषणात लेनूरचा उल्लेख ठरलेला. आणि हे सगळं आता एका काण्या कोळ्याच्या जिभेवर लोंबकळत होतं. तिने घर आवरलं. माशांच्या रसाची बाटली फ्रिजच्या तळाशी, मागे, कोबीच्या आड लपवली. देरामानने ती शोधून पुन्हा पुढे आणून ठेवली.  अडीच वाजता त्याने चक्क तोंड धुतलं, नवा सारोंग गुंडाळला आणि खुर्चीत ताठ बसला, जणू काही लग्नाला स्थळ बघायला येणार आहे.

हझवानी आली ती केळी घेऊन. “पाक चिक, बरं आहे का आता डोळ्याचं?” तिने काकाला विचारावं तसं विचारलं. “एक डोळा कमी झाला तरी पोरींचं सौंदर्य अर्धं दिसत नाही,” देरामान म्हणाला, आणि ती लाजून हसली. सालबियाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या घरात तीन आठवडे हा माणूस फक्त गुरगुरत होता, आणि आज हा विनोद! यंत्र टेबलावर ठेवलं गेलं. त्याचा लाल ठिपका लागला. हझवानीने नाव, वय, गाव विचारलं. मग ती म्हणाली, “पाक चिक, नावेत असताना जमिनीला काय म्हणायचे?” तिने शब्द आपल्या तोंडाने उच्चारला नाही, सालबियानेच तिला कधीतरी शिकवलं होतं, साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालू नये.  देरामानचा उघडा डोळा एकदा सालबियावर फिरला. त्यात दया नव्हती, मायाही नव्हती. मासा किती वजनाचा हे बघताना कोळी बघतो तसं त्याने तिच्याकडे बघितलं.

“लेनूर,” तो म्हणाला.

आणि मग तो सुटला. रोज ऐकायचो, म्हणाला. म्हाताऱ्याच्या तोंडात असायचाच. वारा फिरला की म्हणायचा, लेनूर कुठल्या अंगाला ते बघ रे. जाळं भरलं की म्हणायचा, चला, लेनूर वाट बघतोय. एकदा मी चुकून नावेत खरं नाव घेतलं, किनारा दिसला असं ओरडलो, तर म्हाताऱ्याने वल्ह्याने पाठ फोडली आणि म्हणाला, लेनूर म्हण, हरामखोरा, लेनूर! हझवानीचे डोळे चमकत होते. तिने नव्या होड्यांवर कोणाला का माहीत नाही असं विचारलं, तर देरामान म्हणाला, “इंजिनं आली. इंजिनाच्या आवाजात कोण कुणाशी बोलतंय?” काय उत्तर होतं! सालबियाच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्या जागी विजय चढला, चांगला नाही, कुजका विजय. दारात हझवानीला निरोप देताना ती म्हणाली, “सोळा होड्यांवर फिरलीस. सतराव्या दारात विचारलं असतंस तर चप्पल वाचली असती.” हझवानीचा चेहरा उतरला. “खरंय, पुआन,” ती म्हणाली. “मी शंका घ्यायला नको होती. आत्ताच मंडळाला कळवते.” तिचा आवाज खरोखर ओशाळलेला होता. सालबियाने दार लावलं आणि स्वतःशीच हसली.

तिने भावासाठी पुन्हा चहा केला. स्वतः होऊन बशीत त्याचा तो माशांचा रस वाढला, वर मिरची चिरून घातली. समोर ठेवून म्हणाली, “आबांग, उपकार झाले.” हा शब्द त्या दोघांत कधी वापरला गेला नव्हता. देरामानने बशीकडे पाहिलं. “उपकार बिपकार काही नाही,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी नाही बोललो. म्हाताऱ्याचा शब्द त्या केळीवालीच्या हातून मरू नये म्हणून बोललो.”

“म्हणजे तो म्हणायचा ना असं? वारा फिरला की?”

“कसला वारा! एकदासुद्धा नाही.”

सालबिया उभी होती ती बसली. “मग तुम्ही खरं काय म्हणायचात?” तिने विचारलं, आणि विचारताना तिचा हात आपोआप टेबलावर कागद शोधत होता. देरामानने तो हात पाहिला. त्याला फार राग आला. कपाळावरची शीर तटतटली. “काही म्हणत नव्हतो!” तो ओरडला. “ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याचं नाव घेत नव्हतो. झालं! वाघाला नाव दिलं, सापाला दिलं, ते बोलावं लागायचं म्हणून. जमिनीबद्दल बोलायचंच नाही, तर नाव कशाला? बोटसुद्धा दाखवायचं नाही. हनुवटी करायची त्या बाजूला, संपलं. एवढे ग्रंथ लिहिलेस, हे नाही सुचलं? त्याला विचारलंस, जमिनीला काय म्हणता, आणि वही अशी उघडी धरून बसलीस. आता त्याने काय सांगायचं? काही नाही म्हणून सांगायचं? दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्यावर गेलो. मी एकटा जाळं टाकतोय, एकटा ओढतोय, हातांची सालटी निघाली, आणि म्हातारा नाळेवर, नावेच्या पुढच्या टोकाला बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटतोय. मला वाटलं, दुवा मागतोय. म्हटलं, आयाह, दोर धरा. ऐकायला तयार नाही. एक म्हणून बघायचा, मान हलवायचा. दुसरं म्हणून बघायचा. किनारा जवळ आला तेव्हा मला म्हणाला, बिया लांबून आलीय, रिकाम्या हाताने कशी पाठवू? हे कसं वाटतं बघ. लेनूर. मला विचारत होता, मला! तुला द्यायला शब्द जुळवत होता सगळा वेळ, आणि मी दोर ओढत होतो.”

त्याने रसाची बशी ढकलली. ती सांडली नाही. सालबियाला त्याच्यावर काहीतरी फेकावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या हातांकडे बघवत नव्हतं. चौतीस वर्षं तिने फक्त दोनच दारं पाहिली होती. एक तर बापाने तिच्यावर विश्वास टाकला, नाहीतर तिला वाळूवरची समजून बनवलं. तिसरं काही असू शकतं हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. की एक अडाणी म्हातारा समुद्रावर बसून, बोलायला बंदी असलेल्या गोष्टीसाठी, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचंच एक शब्द घडवत बसला होता, जिभेवर चाखून बघत होता, मुलीला आवडेल का. आणि ती मुलगी काय करत होती? ताम्रपट. मादागास्कर. तीन हजार वर्षं. तो शब्द सकाळी जन्मला होता आणि दुपारी तिच्या हाती आला होता; आणि तिने त्याला इतकं म्हातारं करून टाकलं की बापाचा त्याच्यावर हक्कच राहिला नाही. जाकार्ताच्या पोरांनी पिशवीवर छापला. रेक्याविकच्या म्हाताऱ्याने भावंड म्हटलं. सगळ्यांनी हाताळला. आता शुक्रवारी मंडळ त्याच्यावर शिक्का मारणार, दोन साक्षीदार, दोघेही खोटे, आणि खाली तिची सही. तिला एकदम असह्य राग आला, कोणाचा ते सांगता येईना. त्या सगळ्यांचा, ज्यांनी ज्यांनी तो शब्द तोंडात घेतला होता त्या प्रत्येकाचा. तिने फोन उचलला.

“हझवानी, लेनूर काढून टाक.”

“पुआन? पण मी तर आत्ताच...”

“माझा भाऊ खोटं बोलला. मात जुसोहला मी कधी भेटले नाही, ते कार्ड मी घरी बसून लिहिलं. मूळ, ताम्रपट, सगळं काढ. जाकार्तालाही कळव.”

 “पुआन,” हझवानी म्हणाली, “हे मला शुक्रवारी बैठकीत जसंच्या तसं सांगावं लागेल. तुमची निवृत्ती...”

“सांग. तुला नीट सांगता येतं. दोन कागद शेजारी ठेवून सांग.” तिने फोन ठेवला.

देरामान उठून उभा राहिला होता. खुर्चीच्या पाठीला धरून, एका डोळ्याने तिला रोखून बघत. “काढलास?” तो म्हणाला. “मी माझ्या तोंडाने खोटी साक्ष दिली, यंत्रासमोर, या वयात, आणि तू काढलास? अगं, त्या माणसाचं काय उरलंय? नाव गेली, घर समुद्राने नेलं, कबरीचा दगड वाळूत गेला. एक तो शब्द होता. पुस्तकात होता. माझी नातवंडं शाळेत ते पान उघडून दाखवतात. तुला कोणी अधिकार दिला?”

“त्यानेच दिला,” सालबिया म्हणाली. “तो शब्द त्याने मला दिला होता. पुस्तकाला नाही, तुझ्या नातवंडांना नाही. मला दिला होता.”

 देरामान आत गेला आणि त्याने आपली पिशवी भरायला घेतली.